जंगलातल्या पक्ष्यांचे रक्तपरजीवी: हवामान आणि अधिवासाचा अभ्यास कसा सुरू करावा

पक्ष्याच्या रक्तात आज दिसलेला परजीवी त्याला कधी आणि कुठे लागला, हे रक्ताचा थेंब सांगत नाही. एकदा लागलेला संसर्ग कमी प्रमाणात महिनोन्‌महिने, पुष्कळदा आयुष्यभर टिकतो. त्यामुळे ‘पायथ्याला इतके टक्के, माथ्यावर इतके टक्के’ एवढ्या तुलनेवरून हवामानाचा परिणाम सिद्ध होत नाही, आणि नवखे प्रकल्प नेमके इथेच फसतात. पक्षी, त्याला चावणारा कीटक आणि त्या कीटकाच्या शरीरात परजीवीला वाढायला लागणारी ऊब या तिन्ही गोष्टी कुठे व केव्हा जुळून येतात, हे शोधायचे असते. रक्त घेणे हा त्यातला एक भाग झाला. सह्याद्रीत असे काम सुरू करू पाहणारे विद्यार्थी आणि पक्षिनिरीक्षणातून संशोधनाकडे वळणारे यांच्यासाठी इथे कामाचा क्रम दिला आहे.

या विषयाची मुळे भारतातच आहेत. परजीवी डासाच्या लाळग्रंथीत पोचतो आणि चाव्यातून निरोगी पक्ष्याच्या शरीरात शिरतो, हे रोनाल्ड रॉसने १८९८ साली कोलकात्यात पक्ष्यांच्या हिवतापावर काम करूनच दाखवले.

१. आधी परजीवी आणि त्याचा वाहक ओळखा

जंगली पक्ष्यांत मुख्यतः तीन परजीवी गट भेटतात. प्लास्मोडियम डासांमार्फत पसरतो. हीमोप्रोटियस बहुतांशी क्युलिकॉइडीस जातीच्या बारीक चिलटांमार्फत, तर कबुतरे-पारव्यांत पिसांमध्ये राहणाऱ्या चपट्या हिप्पोबोसिड माश्यांमार्फत पसरतो. ल्युकोसायटोझून पसरवतात सिम्युलिइडी कुळातल्या काळ्या माश्या. ‘संसर्गित’ अशा एकाच रकान्यात या तिघांची बेरीज करू नका. त्यांचे वाहक वेगळ्या पाण्यात वाढतात, म्हणून अधिवास बदलला की तिघांचे आकडे वेगवेगळ्या दिशांनी हलतात.

डासांना साचलेले पाणी लागते: झाडांच्या ढोल्या, तोडलेल्या बांबूची खुंटे, सड्यावरची डबकी, फेकलेले टायर, करवंट्या. चिलटांच्या अळ्या ओल्या चिखलात, कुजणाऱ्या पाचोळ्यात आणि शेणात वाढतात. काळ्या माशीच्या अळ्या मात्र खळाळत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात दगडाला चिकटून राहतात. उत्तर सह्याद्रीतले कितीतरी ओढे माघ-फाल्गुनात आटतात. तिथे ल्युकोसायटोझून शोधायचा तर बारमाही ओढ्याचा काठ निवडायला हवा, नाहीतर ‘हा परजीवी इथे नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल. पक्ष्यांचे हे परजीवी माणसाला लागत नाहीत, हेही गावकऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाका.

२. तापमानाचे गणित समजून घ्या

या विषयातले सगळ्यांत चांगले तपासलेले उदाहरण हवाई बेटांचे आहे. क्युलेक्स क्विन्क्वेफॅसिएटस हा डास तिथे १८२६ च्या सुमारास जहाजांतून पोचला. बेटांवरच्या पक्ष्यांना पूर्वी या रोगाची ओळखच नव्हती. लाल रंगाच्या ईईवी पक्ष्यांवरच्या प्रयोगात एकाच संसर्गित डासाच्या चाव्याने सुमारे ९० टक्के पक्षी मेले. मग डोंगरमाथ्यावरचे पक्षी वाचले कसे? प्लास्मोडियम रेलिक्टम हा परजीवी डासात सुमारे १३ अंश सेल्सिअसखाली वाढत नाही. त्यावरच्या तापमानात त्याला साधारण ८६ ‘अंश-दिवस’ लागतात, म्हणजे सरासरी तापमानातून १३ वजा करायचे आणि ८६ ला त्या फरकाने भागायचे.

सरासरी २५ अंश असेल तर ८६ भागिले १२, म्हणजे साधारण ७ दिवस. १८ अंशांना १७ दिवस. १५ अंशांना ४३ दिवस. आता डास रोज जगण्याची शक्यता ९० टक्के धरा. ७ दिवसांनी १०० पैकी ४८ डास उरतात, १७ दिवसांनी १७, आणि ४३ दिवसांनी जेमतेम एक. थंड डोंगरावर डास असूनही रोग का पसरत नाही, ते या तीन आकड्यांत दिसते. तापमान थोडेसे वाढले तरी फरक किती मोठा पडतो तेही दिसते. काउआई बेटाचे सर्वांत उंच टोक १,६०० मीटरच्या आतच आहे. हवा तापत गेली तसा तिथल्या पक्ष्यांचा थंड आसरा संपत आला, आणि आकीकीकी हा छोटा पक्षी जंगलातून जवळपास नाहीसा झाला.

हे गणित सह्याद्रीला जसेच्या तसे लावू नका. ८६ आणि १३ हे आकडे एका परजीवीचे, एका डासातले आहेत. शिवाय महाबळेश्वर सुमारे १,४०० मीटरवर आणि कळसूबाई १,६४६ मीटरवर, पण वर्षभर १३ अंशांखाली राहणारे जंगल महाराष्ट्रात कुठेच नाही. इथे उंचीमुळे संसर्ग थांबत नाही, तो पसरण्याच्या दिवसांची संख्या कमी-जास्त होते. त्याहून मोठा फरक इथे पाऊस पाडतो. आषाढातली झड डासांच्या अळ्या धुऊन नेते, पण पाऊस ओसरला की भाद्रपद ते कार्तिकात ढोल्या आणि डबकी शांत भरलेली असतात आणि ऊबही असते. म्हणून तुमच्या आराखड्यात उंचीइतकेच महत्त्व महिन्याला द्या. निलगिरीत २,६३७ मीटरच्या दोड्डबेट्टापर्यंत जाता येते. थंडीची मर्यादा हाच तुमचा प्रश्न असेल तर अभ्यास तिथल्या शोला जंगलात करा.

३. जागा निवडणे आणि मोजणे

दोडामार्गचा पायथा आणि सुमारे ७०० मीटरवरची आंबोली, अशा जोड्या चांगल्या. उंचीमागे तापमान दर हजार मीटरला सरासरी ६.५ अंशांनी घटते, दमट हवेत त्याहून कमी. पण प्रत्येक उंचीवर एकच जागा घेतली तर फरक उंचीचा की शेजारच्या गोठ्याचा, हे कधीच कळणार नाही. प्रत्येक पट्ट्यात किमान तीन जागा घ्या, आणि शक्यतो दाट रान व तुटक रान दोन्ही उंचींवर मिळतील असे बघा. सगळे दाट रान वर आणि सगळ्या काजूबागा खाली असतील तर उंची आणि अधिवास यांची गल्लत होते. मग कितीही आकडेमोड करा, ती सुटत नाही.

हवामान केंद्राचे आकडे पुरेसे नाहीत. डास राहतो तिथे, म्हणजे झाडाखाली, जमिनीपासून दीड मीटरवर तापमान-आर्द्रतेचा लॉगर (आपोआप नोंद ठेवणारे छोटे यंत्र) लावा. त्यावर पांढरे छप्पर हवे, नाहीतर पानांतून येणारी तिरीप त्यावर पडते आणि दुपारचे आकडे फुगतात. दर अर्ध्या तासाला नोंद ठेवा. जमल्यास दुसरा लॉगर झाडाच्या शेंड्याजवळ. पावसाळ्यात बुरशी आणि मुंग्या आत घुसतात, म्हणून सिलिका जेलची पुडी दर भेटीत बदला.

लॉगरभोवती ५० मीटरच्या वर्तुळात या गोष्टी मोजा: दोन मीटर उंचीपर्यंतच्या पाणी धरणाऱ्या ढोल्या, डबकी, बांबूची खुंटे, वाहत्या ओढ्याची रुंदी, जवळच्या गोठ्याचे अंतर, आणि चारही दिशांना तोंड करून डेन्सिओमीटरने (वरची पाने किती आकाश झाकतात ते मोजणारा आरसा) मोजलेले छत्राचे आच्छादन. हवाईच्या रानात मोकाट डुकरे झाडनेच्यांची खोडे पाडून आतला पिठूळ गर खातात. त्या पोकळीत पावसाचे पाणी साचते आणि तिथेच डास वाढतात. तुमच्या जंगलातली अशी जागा कोणती, ते पहिल्या दोन-तीन भेटींत हुडकून काढा. जाळे नंतर लावा.

४. परवानग्या

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. अनुसूची १ मधल्या प्रजातींसाठी केंद्र सरकारची पूर्वसंमती हवी. अभयारण्यात जायचे तर कलम २८ वेगळे. संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मान्यताही आधीच घ्या. प्रजातींची यादी, दर पक्ष्यामागे किती मायक्रोलिटर रक्त आणि कोण हाताळणार, हे अर्जात स्पष्ट लिहा. हे मोघम असले की कागद परत येतात. पक्षी धरणे हे पुस्तक वाचून शिकायचे काम नाही. पक्ष्यांना कडी घालण्याचा अनुभव असलेल्या माणसाच्या हाताखाली शिकल्याशिवाय एकट्याने जाळे लावू नका.

५. पक्षी धरणे आणि रक्त घेणे

लहान पक्ष्यांसाठी १६ मिलिमीटर जाळीची, १२ मीटर लांब मिस्ट नेट (पक्ष्यांना सहज न दिसणारी झिरझिरीत जाळी) घ्या. पहाटे फटफटताच उघडा आणि ऊन तापायच्या आत मिटा. दर २० मिनिटांनी फेरी मारा. पाऊस किंवा वारा सुरू झाला की जाळी लगेच बंद करा, कारण भिजलेला चष्मेवाल्यासारखा इवलासा पक्षी काही मिनिटांत गारठतो. प्रत्येक जाळीचे तास लिहून ठेवा.

रक्ताची मर्यादा वजनाच्या एक टक्का, म्हणजे दर ग्रॅममागे १० मायक्रोलिटर. नऊ ग्रॅमच्या चष्मेवाल्याला ९० हे कमाल होते. परजीवींच्या अभ्यासाला २० ते ३० मायक्रोलिटर पुरतात, तेवढेच घ्या. पंखाच्या आतल्या बाजूला कोपराजवळ दिसणारी शीर स्पिरिटच्या बोळ्याने ओली केली की पिसे बाजूला होतात. २७ किंवा ३० गेजच्या सुईने अलगद टोचा आणि हेपरिन लावलेली केशनळी आडवी धरा, रक्त आपोआप चढते. मग कापूस ठेवून बोटाने ३० ते ६० सेकंद हलका दाब द्या. छातीवर दाब पडेल असे पक्ष्याला कधीही धरू नका, त्याचा श्वास छातीच्या हालचालीवर चालतो. सुई दर पक्ष्याला नवी.

वय नक्की नोंदवा. यंदा घरट्यातून निघालेले पिल्लू तुमच्यासाठी सोन्यासारखे आहे, कारण त्याला लागलेला परजीवी या मोसमात, या परिसरातच लागलेला असतो. प्रौढ पक्ष्याबद्दल हे म्हणता येत नाही. हिवाळ्यात येणाऱ्या वटवट्यांच्या रक्तात तर उत्तरेकडचे परजीवी असू शकतात; त्यांची नोंद स्थानिक पक्ष्यांत मिसळू नका.

गोचिडांची काळजी घ्या. क्यासनूर जंगल ज्वर, ज्याला लोक माकडताप म्हणतात, सिंधुदुर्गात आढळलेला आहे. पायमोजे पँटवर चढवा, आणि संध्याकाळी अंग तपासा.

६. रक्तपट बनवणे

इथे घाई आणि निगुती दोन्ही लागतात. रक्त शरीराबाहेर आले, हवा आणि तापमान बदलले, की काही मिनिटांत हीमोप्रोटियसची जननरूपे (कीटकात गेल्यावर पुढे वाढणारी नर-मादी रूपे) गोल होऊ लागतात आणि नर रूपातून शेपट्या फुटतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली तो वेगळाच परजीवी वाटतो. म्हणून नळी भरल्यावर मिनिटाभराच्या आत काचेवर लहान थेंब ठेवा. दुसरी काच ३० ते ४५ अंशांत टेकवून एकाच सलग हालचालीत पुढे न्या. कोन जास्त झाला तर पट जाड होतो आणि थर एकावर एक चढतात. प्रत्येक पक्ष्याचे दोन पट करा.

वाळायला जास्तीत जास्त १५ सेकंद लागावेत. कोकणच्या दमट हवेत नुसते हवेवर सोडले तर पेशी कुरतडल्यासारख्या दिसतात, म्हणून बॅटरीचा छोटा पंखा जवळ हवाच. त्याच दिवशी शुद्ध मेथॅनॉलमध्ये एक मिनिट बुडवून पट पक्का करा. मेथॅनॉल हवेतले पाणी ओढते. बाटली उघडी राहिली की पेशींत पाण्याचे गोल डाग पडतात, म्हणून लहान बाटल्यांत भरून न्या आणि रोज नवे वापरा. क्रमांक शिसपेन्सिलीने काचेच्या खरखरीत टोकावर लिहा, मार्करची शाई मेथॅनॉलमध्ये धुऊन जाते. पक्के न केलेले पट उघड्यावर ठेवू नका: मुंग्या, झुरळे आणि माश्या रक्त चाटून काच कोरी करतात.

उरलेले रक्त लायसिस बफरमध्ये किंवा ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. इथेनॉलमध्ये टाकताना कुपी लगेच हलवा, नाहीतर घट्ट गुठळी होते आणि डीएनए काढताना त्रास होतो.

७. रंगवणे आणि बघणे

गिम्सा या रंगाचे १० टक्के द्रावण, बफर ७.० ते ७.२ पीएचचा, वेळ साधारण एक तास. खोली ३० अंशांच्या वर असेल तर वेळ कमी करून चाचणीच्या काचेवर आधी पाहा. जांभा दगडाच्या विहिरीचे पाणी आम्लधर्मी असते, त्यात पेशी तांबूस उठतात. क्षारी पाण्यात सगळे निळे होते. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी आणि बफर यांना पर्याय नाही.

आधी ४०० पट भिंगात १० ते १५ मिनिटे सगळा पट फिरा, ल्युकोसायटोझून आणि मायक्रोफिलारिया (रक्तात फिरणाऱ्या सूत्रकृमींच्या अळ्या) इथेच सापडतात. मग तेल घालून १,००० पटीत किमान १०० क्षेत्रे. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींना केंद्रक असते, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला गोंधळात टाकते. परजीवी त्या केंद्रकाच्या शेजारी असतो. हीमोप्रोटियसची वाढलेली जननरूपे केंद्रकाला मिठी मारल्यासारखी वळतात आणि त्यांत सोनेरी-तपकिरी रंगद्रव्याचे कण चमकतात. रंगद्रव्य आहे आणि शिवाय विभागणारी रूपेही रक्तात दिसतात, तर प्लास्मोडियम. रंगद्रव्य नाही आणि पेशीचा आकारच विद्रूप झाला, तर ल्युकोसायटोझून. रंगाचा गाळ अनेकदा परजीवी वाटतो. फोकस किंचित वर-खाली करा: गाळ पेशीच्या पातळीच्या वर असतो, रंगद्रव्य पेशीच्या पातळीतच दिसते. तीव्रता १०,००० तांबड्या पेशींमागे किती परजीवी, अशी लिहा.

८. पीसीआर

सौम्य संसर्ग काचेवर सुटतात, म्हणून साइटोक्रोम बी जनुकाची दोन टप्प्यांची पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती करण्याची पद्धत) करतात: पहिला टप्पा २० चक्रांचा, दुसरा ३५ चक्रांचा. त्यातून ४७९ बेसचा तुकडा मिळतो, तो मालअवी या जागतिक माहितीसंचाशी ताडून वंशरेषा ठरते. ल्युकोसायटोझूनचे प्रायमर वेगळे, त्यांचा दुसरा टप्पा वेगळा चालवा. दर आठ नमुन्यांमागे एक रिकामा (डीएनए नसलेला) नमुना ठेवा. दोन टप्प्यांत दूषण होणे फार सोपे आहे, म्हणून पहिल्या टप्प्याच्या नळ्या ज्या टेबलावर उघडता तिथे नवे मिश्रण बनवू नका. क्रमालेखात एकाच जागी दोन शिखरे दिसली तर तो मिश्र संसर्ग आहे, त्याला जबरदस्तीने एक नाव देऊ नका.

पीसीआर होकारार्थी आली म्हणजे तो पक्षी रोग पुढे पसरवतो असे ठरत नाही. परजीवी शरीरात शिरून पुढे न वाढताही त्याचा डीएनए सापडू शकतो. काचेवर जननरूपे दिसली तरच कीटकाकडे जाण्याचा रस्ता खुला आहे असे म्हणा. म्हणूनच पीसीआर आली तरी रक्तपट सोडू नयेत.

९. कीटक पकडणे

प्रकाश-सापळा लावा आणि कीटक ओढायला कार्बन डायऑक्साइड सोडा. कोरडा बर्फ रानात मिळत नाही, २.५ लिटर कोमट पाण्यात २५० ग्रॅम साखर आणि १७ ग्रॅम सुके यीस्ट घातले की रात्रभर वायू सुटतो. एक सापळा जमिनीजवळ, एक छत्रात लावा, कारण पक्ष्यांना चावणारे कितीतरी डास आणि चिलटे उंचावर फिरतात. डीएनए तपासताना छाती आणि पोट वेगळे करा. पोटात सापडलेला परजीवी नुकत्याच प्यायलेल्या रक्तातला असू शकतो. छातीत, लाळग्रंथीकडे सापडला तर वाहक असण्याची शक्यता बळावते, आणि लाळग्रंथीत स्पोरोझॉइट (चाव्यातून पक्ष्यात शिरणारी परजीवीची रूपे) सूक्ष्मदर्शकाखाली दिसले तर शंका उरत नाही.

१०. आकडे वाचताना

३० पैकी ६ पक्षी संसर्गित, म्हणजे २० टक्के. पण या आकड्यामागची खरी टक्केवारी साधारण १० ते ३७ यांत कुठेही असू शकते. २० पैकी एकही सापडला नाही, तरी खरे प्रमाण १४ टक्क्यांपर्यंत असू शकते. दोन अधिवासांत २० विरुद्ध ४० टक्के असा फरक भरवशाने दाखवायचा तर प्रत्येकी ८० च्या आसपास पक्षी लागतात. म्हणून चाळीस प्रजातींचे दोन-दोन पक्षी घेण्यापेक्षा सगळ्या जागी सापडणाऱ्या तीन-चार प्रजाती निवडा, जसे चष्मेवाला आणि शिपाई बुलबुल. वेगळ्या प्रजातींची तुलना केली तर घरट्याची उंची, थव्यात राहण्याची सवय, आकार, सगळेच बदलते.

तापमान नमुन्याच्या दिवसाचे घेऊ नका. चाव्यापासून परजीवी रक्तात दिसेपर्यंत काही दिवस ते काही आठवडे जातात, त्याआधी तो कीटकात वाढलेला असतो. म्हणून मागच्या एक, दोन आणि तीन महिन्यांच्या सरासऱ्या वेगवेगळ्या तपासा. उंची, तापमान आणि पाऊस ही तिन्ही चले एकाच प्रारूपात कोंबू नका, ती एकमेकांशी बांधलेली आहेत. प्रजाती आणि जागा यांचा यादृच्छिक परिणाम (रँडम इफेक्ट) धरा.

जाळ्यात सापडणारा पक्षी हिंडता-फिरता असतो. तीव्र संसर्गाने गळून गेलेला पक्षी झुडपात बसून राहतो किंवा मरतो, तो तुमच्या नोंदीत येतच नाही. एखाद्या उष्ण, डासाळ रानात संसर्ग कमी दिसला तर दोन शक्यता समोर ठेवा: संसर्ग खरोखर कमी आहे, किंवा संसर्गित पक्षी टिकतच नाहीत. कड्या घातलेले पक्षी पुन्हा धरून त्यांचे जगणे मोजले तरच यातली कोणती खरी ते कळते, आणि त्यासाठी त्याच जागी किमान दोन-तीन वर्षे जावे लागते.

अहवालात प्रत्येक जागेसाठी प्रजाती, वय, महिना, तपासलेले पक्षी, प्रत्येक परजीवी गटाचे संसर्गित पक्षी आणि जाळी-तास हे कच्चे आकडे द्या, नुसत्या टक्केवाऱ्या नकोत. वंशरेषा मालअवीत जमा करा. रंगवलेला दुसरा पट संग्रहालयात ठेवायला द्या, आणि तोवर काचा उभ्या खाचांच्या पेटीत, सिलिका जेलसह ठेवा. पावसाळ्यात आडव्या रचलेल्या काचांवर बुरशी धरते.